घराची शाकारणी

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी यंदा काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी सूचना चिटणिसांनी केली, तेव्हा कुलवृत्तान्त किंवा स्थलांतराचा इतिहास यांपैकी काही घ्यावे असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु त्या विषयांवर मागील अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. शिवाय अलीकडे मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी ज्ञातिबांधव आम्हांस जे विचारतात, ते कुलोपाध्यायांच्या चोपडीतले नसते. ते विचारतात, “गुरुजी, गावचे घर ठेवावे की काढून टाकावे? आता तेथे राहते कोण?” ज्यांचे जुने घर पुण्यात आहे ते विचारतात, “विकसक दारी येऊन बसला आहे, सही करावी काय?” या प्रश्नांना एका शब्दात उत्तर देणे आम्हांस शक्य नाही. मात्र कोणते घर चार पिढ्यांना पुरते आणि कोणते दोन पिढ्यांतच बसते, यासंबंधी इतिहासात पाहिले तर बरेच काही सापडते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. स्थापत्यशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. जे वाचले, पाहिले व जाणत्या गवंडी-सुतारांकडून ऐकले, तेच येथे देत आहो.

घर टिकते ते त्याच्या भक्कमपणामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याचाच दाखला घेऊ. थोरल्या बाजीरावसाहेबांनी शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्या वेळी खर्च रु. १६,११० झाल्याचे सांगतात. जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीकडचा चुना असे त्या काळी मिळणारे उत्तमोत्तम सामान त्यास लागले. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घालून वाड्याचे वैभव वाढविले. १८१८ मध्ये पेशवाई गेली, धनी गेला, आणि १८२८ मध्ये आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. राहिले ते दगडी जोते, तट आणि दरवाजे. पुन्हा कोणी बांधला नाही, कारण बांधावा असे ज्यास वाटावे तो मनुष्यच तेथे उरला नव्हता.

याच्या शेजारी विश्रामबागवाडा ठेवून पाहावा. तो दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला. धनी तोच गेला, राज्य तेच बुडाले. पण १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली (हिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले) आणि वाड्यात माणसांची वर्दळ राहिली. मे १८७९ मध्ये पुण्यात जाळपोळ झाली, तीत बुधवारवाडा जळून गेला, तेथील ग्रंथालयही गेले, आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग भस्मसात झाला. बुधवारवाडा कायमचा नाहीसा झाला. विश्रामबागवाडा मात्र लोकांनी पैसा जमवून दुरुस्त केला; पुढे नगरपालिकेची कचेरी तेथे बरीच वर्षे होती, आणि त्याची नक्षीदार सज्जाची दर्शनी बाजू आजही रस्त्यावरून दिसते. लाकूड दोन्हीकडे सागाचेच होते. एकाच वर्षीच्या आगीतून एक वास्तू उठली, दुसरी उठली नाही.

मेणवलीचा दाखला तर आम्हांस याहूनही मोलाचा वाटतो. वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणिसांनी वाडा व घाट बांधला. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले. पुत्र नव्हता. त्यांची पत्नी जिऊबाई वयाने अगदी लहान, आणि दुसऱ्या बाजीरावांची नजर नानांच्या संपत्तीवर. अशा स्थितीत त्या बाईने इंग्रज सेनापती वेलस्लीमार्फत आपली सुटका व वर्षासन पदरात पाडून घेतले. पुढे इंग्रजी अमल आल्यावर मेणवली तिच्याकडे राहिली. तिने दत्तक घेतला, आणि घराणे व वाडा दोन्ही चालू राहिले. नानांचे जे दप्तर ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहाससंशोधकांच्या उपयोगी पडले, ते त्या घरात माणूस होते म्हणूनच वाचले. वाळवी रिकाम्या घरात प्रथम कागदास लागते, मग कडीपाटास. घर राखणाऱ्या स्त्रियांची नावे आपल्या वंशावळींतून क्वचितच येतात, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

मोठ्यांच्या वाड्यांवरून आता आपल्यासारख्यांच्या घरांकडे वळू. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत देशावरचे मध्यम स्थितीतले घर कसे असे, हे तरुण वाचकांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. खाली दगडी जोते; त्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती; भार पेलण्यास सागाचे किंवा बाभळीचे खांब, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, जेणेकरून लाकडास जमिनीची ओल लागू नये; वर तुळया, कडीपाट, वासे आणि कौले. मध्ये चौक. चौकातून उजेड, वारा आणि पाऊस तिन्ही घरात येत. पुढे ओसरी, मागे माजघर, देवघर, कोठीघर, बाळंतिणीची अंधारी खोली, परसात आड. पुण्यातील कित्येक वाड्यांत तर कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईपासून भूमिगत नळाने हौदात येत असे. अंधाऱ्या खोलीची मात्र आम्ही तरफदारी करीत नाही. १८९६ साली मुंबईत व पुढल्याच वर्षी पुण्यात प्लेग आला, त्याने कोंदट घराचे दुष्परिणाम साऱ्या समाजास दाखविले. जुने ते सर्व सोने, असे म्हणणाऱ्यांनी त्या वर्षांचा इतिहास अवश्य वाचावा.

या घराचा खरा गुण असा की त्याचा प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे बदलता येई. वासा कुजला तर वासा काढा, खांबास वाळवी लागली तर टेकू देऊन तेवढा खांब काढा. घर पाडावे लागत नसे. आणि बदलणारा सुतार, कौले भाजणारा कुंभार, भिंत लिंपणारी बाई, सारी गावातच. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी घर शाकारले जाई. माणूस वर चढून सारी कौले परती, फुटकी काढून नवी बसवी, वासे ठोकून पाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला व पुढे ती सपाट कौले गावोगाव पोहोचली, तेव्हा ही दगदग पुष्कळ कमी झाली. परंतु वर चढणे संपले तसे घराकडे वरून पाहणेही संपले, असे आमच्या परिचयाचे एक वृद्ध सुतार म्हणत असत. शाकारणीत कौलांइतकेच महत्त्व या पाहण्यास होते. कुठे ओल धरली, कुठे उंदराने बीळ केले, कोणत्या तुळईने मान टाकली, हे वर्षातून एकदा घरच्या कर्त्यास समजे.

कर्ता हा शब्द आम्ही जाणून वापरला. पूर्वी शाकारणीचा खर्च एकत्र कुटुंबाच्या चोपडीत पडे आणि त्याची जबाबदारी एकावर असे. मग वाटण्या झाल्या. वाटणी घराच्या खणांनी होते; दोन खण थोरल्यास, दोन मधल्यास, दोन धाकट्यास. भिंतीची वाटणी होते, चौकाची होते, आडाच्या पाण्याचीही होते. छपराची कशी करणार? आमच्या माहितीतील एका गावी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) तिघा भावांचे असे एक घर होते. थोरले गावी, मधले मुंबईस, धाकटे नोकरीनिमित्त परप्रांती. थोरल्यांच्या व मधल्यांच्या हिश्श्यांमध्ये, दोन पाखी जेथे मिळतात तेथली पन्हळ गळू लागली. ती नेमकी कोणाच्या हिश्श्यात, यावर दोन वर्षे पत्रव्यवहार चालला. पत्रे अत्यंत सभ्य भाषेत होती. आम्ही ती वाचली आहेत. थोरल्यांनी आपल्या बाजूस पत्रा ठोकला, त्याचे पाणी मधल्यांच्या भिंतीत मुरू लागले. चौथ्या पावसाळ्यात मधली भिंत बसली आणि तिच्याबरोबर थोरल्यांचे माजघरही गेले. सुदैवाने त्या वेळी आत कोणी नव्हते. पन्हळीच्या दुरुस्तीस सुरुवातीस जो खर्च आला असता, त्याहून अधिक पैसा वकिलाच्या एका नोटिशीस लागला होता. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण माणसांविषयी योजतो. येथे ती शब्दशः खरी ठरली.

शहरात हेच निराळ्या रीतीने घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः १९४० सालच्या पातळीवर बांधून ठेवली. या कायद्याने हजारो गरीब व मध्यमवर्गीय बिऱ्हाडांस आसरा दिला, हे नाकारता येणार नाही. आपल्या ज्ञातीतील कित्येक मुले पुण्या-मुंबईत त्या स्वस्त खोल्यांतच शिकून मोठी झाली. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडे तेथेच राहिले. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात कौले कशी परतू? भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या घरास मी पैसा का लावू? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने बरोबर. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात दरवर्षी शेकडा चार भाडेवाढीची तरतूद आहे. पण तोपर्यंत पुण्याच्या पेठांतील किती तरी वाड्यांच्या भिंतींस टेकू लागले होते. ज्या वाड्यात मालक स्वतः राहत होता व भाडेकरूंशी त्याचे जिव्हाळ्याचे होते, तेथे दोघांनी मिळून वर्गणी काढून शाकारणी केल्याची उदाहरणे आहेत. ती थोडी आहेत.

बुधवार पेठेतील भिडेवाडा हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा ज्या वाड्यात काढली तो हा वाडा. शिक्षकी पेशातील आमच्यासारख्यांस ती जागा तीर्थासारखी. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे अशी मागणी होती, आणि दुकाने व भाडेकरू यांचे हक्कही होते. अनेक वर्षे प्रकरण न्यायालयात राहिले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीस आलेली ती इमारत उतरविण्यात आली. आता नव्या स्मारकाची योजना आहे. सर्वांस हवे असलेले घर कोणीच शाकारले नाही, म्हणून मूळ भिंती मात्र पुढच्या पिढीस दिसणार नाहीत.

पाण्याने पडलेल्या घरांचा उल्लेख केल्यावाचून पुण्याची हकिकत पुरी होत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कच्च्या विटांच्या भिंती भिजून जागच्या जागी बसल्या. आमचे वडीलधारे सांगत की पाणी ओसरताना जेवढी घरे उभी होती, त्यांपैकीही पुष्कळ नंतर पडली. हे स्वाभाविक होते, कारण माती भिजली की तिचा जोर जातो. जोते उंच असते व पाणी त्याखालीच राहते तोवर मातीची भिंत शे-दीडशे वर्षे सहज जाते. जोत्यावर पाणी चढले की तिचे आयुष्य तासांत मोजावे. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पेठेतले बिऱ्हाड मोडून तेथे गेलेल्या कुटुंबांनी आज तिसरी पिढी पाहिली आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्याच म्हणण्याच्या आड येणारी आहे. परंतु ती टाळली तर लेखास अर्थ राहणार नाही. निगा ठेवली म्हणजे घर टिकते, असे आतापर्यंत आम्ही सुचवीत आलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. ती घरे हेळसांड झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली, दरवर्षी डागडुजी होणारी, आपल्याच लोकांनी प्रेमाने राखलेली घरे होती. भिंती रुंद, परंतु आत व बाहेर दगडांची दोन तोंडे आणि मधे चिपा व माती. दोन्ही तोंडांस जोडणारा आरपार लांब दगड घालण्याची रीत राहिली नव्हती. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती चोपावयाची, ही तिथली शाकारणी. जुनी माती काढण्याची मेहनत कोण घेणार? असे करता करता तो थर दीड-दोन फूट, क्वचित त्याहून जाड झालेला होता. भिंती दुभंगल्या आणि वर्षानुवर्षांच्या त्या डागडुजीचा भार निजलेल्या माणसांवर आला. ज्या घरांचे माळवद भिंतींवर न ठेवता लाकडी खांबांवर पेललेले होते, त्यांतील पुष्कळांच्या भिंती ढासळूनही वरचे छत खांबांवर उभे राहिल्याचे तज्ज्ञांनी नोंदविले आहे. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. वर्गात भूगोल शिकविताना दख्खनचे पठार स्थिर आहे असे पाठ्यपुस्तकातले वाक्य येई, तेथे त्या वर्षापासून मुले थांबून प्रश्न विचारू लागली. वास्तविक ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने हा धडा अगोदरच दिलेला होता.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पक्की, रांगेत, रस्ते सरळ. काही वर्षांनी तेथे जाऊन पाहणाऱ्यांनी लिहिले आहे की लोकांनी त्या पक्क्या घरांभोवती पत्र्याच्या पडव्या काढल्या, गुरांसाठी गोठे उभे केले. शेत दूर पडले, भावकीची आळी तुटली, बाळंतिणीस निजावयास आडोसा नाही, धान्यास कोठी नाही. पडणार नाही असे घर मिळाले, पण राहावयाचे घर त्यांना स्वतःच्या हातांनी भोवती बांधावे लागले. आम्ही यास कृतघ्नपणा मुळीच म्हणणार नाही. उलट इतर हजारो गावांत सरकारच्या साहाय्याने लोकांनी आपली जुनीच घरे मजबूत करून घेतली, माळवदाचा भार कमी केला, भिंतींस बांधणारे काँक्रीटचे पट्टे घातले. गरिबाच्या दृष्टीने हाच मार्ग अधिक सोयीचा, असे आमचे मत आहे.

आता ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे सिमेंटच्या इमारतींत राहतात. येथे शाकारणी संपली, असे समजणारे बंधू आम्हांस भेटतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दरवर्षी बांधकाम-खर्चाच्या किमान शेकडा पाऊण दुरुस्तीनिधीस व शेकडा पाव सिंकिंग फंडास द्यावे असे सांगितलेले आहे. ते आपले कित्येक सभासद ‘विनाकारण वर्गणी’ म्हणून बुडवितात. गच्चीच्या भेगेतून पाणी आत उतरले की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. ही वाळवीच होय. फक्त ती दिसत नाही. इमारतीस पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी व तीस वर्षे झाल्यावर दर तीन वर्षांनी संरचनेची तपासणी करून घ्यावी असे त्याच उपविधींत आहे. वार्षिक सभेत चहा-बिस्किटांवर वाद घालण्याऐवजी एवढा एक विषय कोणी मांडील तर बरे.

गावच्या घराविषयी विचारणाऱ्यांस आम्ही प्रथम उलट विचारतो की मिळकतपत्रिकेवर नाव कोणाचे आहे. बहुधा ते पणजोबांचे निघते. मग छपरासाठी पैसे कोणी काढावयाचे हे ठरणार कसे? वारसनोंद करून घ्यावी. तीत बहिणींचीही नावे येतील, आणि यावीत. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींस मुलांबरोबरीचा हक्क दिला आहे, आणि मेणवलीची हकिकत वर आलीच आहे. गावठाणातील घरांस पूर्वी बहुधा कागदच नसे. एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावोगाव ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकतपत्रिका मिळू लागल्या आहेत, त्या वेळी हजर राहावे. त्यानंतर सर्वांनी मिळून एकास कर्ता नेमावे, तो वयाने थोरलाच असावा असे नाही, आणि घराचे एक सामाईक खाते काढावे. एवढे ज्यांना जमत नाही, त्यांनी घर भिंत पडण्यापूर्वी विकून टाकावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. राहत्या कुटुंबाच्या हाती गेलेले घर आपल्या कुलूप लावलेल्या घरापेक्षा अधिक काळ उभे राहील, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

ज्या घरांतून जुन्या बांधकामाच्या खर्चाच्या चोपड्या, सुतार-गवंड्यांचे हिशेब, वाटणीपत्रे किंवा दुरुस्तीच्या नोंदी असतील, त्या बंधुभगिनींनी मूळ कागद आपल्यापाशीच ठेवून नकला मंडळाच्या कार्यालयात पाठवाव्यात. मोडीतील कागद वाचून देण्याचे काम आम्ही करू. घर कोणत्या साली बांधले, कौले केव्हा बदलली आणि शेवटची शाकारणी कोणी केली, एवढे निदान प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडावे.